दुसरा पाय

दिवा राहू द्या, न्हाईतर या हर्षल्याला घरी कोन सोडायचं? दात काढू नको रं. पाथर्डीकडची मनकर्णा माझ्या चांगली वळखीची हाय, तिच्यावरच बेतलेलं हे.

गेल्या पौषातली अवस. मनकर्णा नगरच्या दवाखान्यातनं कापूस आनायला खाली गेल्ती. नवरा आसाराम उसाच्या फडात छाती धरून पडलेला. जीव वाचला, पन झोप उडाली. जरा डोळा लागला की मशीन टिकटिकायचं, अन् हा 'गाडी आली, भरायचीय' म्हनून उठून बसायचा. डॉक्टर म्हनले, झोपंची गोळी याच्या काळजाला सोसायची न्हाई, अन् असाच जागला तर काळीज बी टिकायचं न्हाई. मग सिस्टरनं सांगितलं, कानात कापूस घाला, डोळ्यावर फडकं टाका, दिवा बारीक करा, तळपाय चोळा.

कापूस घिऊन वर आली, सगळं केलं. आसाराम टक्क जागा. मनकर्णाचे हात भरून आले, डोळ्याला धार लागली.

शेजारच्या खाटंवर रामहरी म्हातारा. त्याच्या पायथ्याशी एक आजी तेल लावून काशाच्या वाटीनं त्याचे तळवे घाशीत बसलेली. म्हातारा मस्त घोरत हुता. वार्डात एकमेकाचं मानूस बघायची रीतच असती. मनकर्णानं पदर पसरला.

"मावशी, आमच्या मालकाला बी निजवा की."

"बोलावलंस, तर येते."

आजीनं एक पाय चोळला. आसारामचा डोळा मिटला... मनकर्णा हरखली. अन् मग ध्यानात आलं. रामहरीचं घोरनं थांबलंय.

मशीनवर रेघ सरळ... आवाज न्हाई. सिस्टर टेबलावर मान टाकून निजलेली. समदा वार्ड निजलेला...

रामहरीचे दोन्ही तळवे काळेठिक्कर.

"आता दुसरा," आजी म्हनली.

मनकर्णानं नवऱ्याचा दुसरा पाय छातीशी कवटाळला. वरडायला गेली... आवाज फुटंना. आजी वाट बघत बसली. हलली न्हाई. पापनी बी न्हाई...

कधीतरी मनकर्णाची मान लवंडली.

उजाडलं. रामहरीवर पांढरी चादर. त्याचा ल्योक सांगत हुता, आमच्याकडं बाईमानूसच न्हाई, राती कोन येनार?

आसाराम घोरत हुता. छाती वरखाली हुत हुती. एक तळवा काळा, दुसरा साफ. मनकर्णा पोट भरून रडली, अन् चहा आनायला चप्पल पायात घालाया गेली.

चप्पल तेलानं सटकली.

तिनं पाय उचलून बघितला.

काळा... एकच.