दोघांचं भुयार

पोखर्णीला दिनकररावांच्या अंगणात शेकोटी पेटली होती. गावातली लाईट गेलेली, आणि पोरं मोबाईलच्या उजेडात कसलासा मारामारीचा खेळ खेळत बसलेली. दिनकररावांनी घोंगडी कानावर ओढून घेतली.

"ठेवा रं ते जरा खाली. खेळावरूनच सांगतो एक. इकडची तिकडची न्हाई, माझ्या भाच्यावर, योगीराजवर गुदरलेली हाय."

पोरांनी मोबाईल उपडे ठेवले. आणि दिनकरराव सांगू लागले.

योगीराजचं मानवतला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. घरात बायको राजेश्री आणि नुकती चालायला लागलेली लेक. गेल्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी, तो सोनपेठला गेला. काम साधंच होतं. त्याचा बालमित्र धम्मपाल वारल्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि धम्मपालच्या आईनं, बायनाबाईनं, फोन केला होता. "बाबा, त्याचा काम्पुटर तसाच पडून हाय. त्याच्यात फोटू हायत म्हनं त्याचे. हसतानाचा एकबी न्हाई माझ्यापाशी. काढून देतोस का?"

योगीराजनं कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि दिवस मावळायला घरी आणला.

आता हे दोघं कसे, ते सांगायला पाहिजे. लहानपणी सोनपेठला धम्मपालच्या टीव्हीला कॅसेटवाला व्हिडिओ गेम जोडून दोघं दिवसदिवस एकच खेळ खेळायचे. चौकोनी ठिपक्यांची माणसं, गावं, जंगलं, आणि जमिनीखाली भुयारं. किल्ली शोधायची, दार उघडायचं, खाली उतरायचं. एक दिवस कॅसेट बिघडली आणि शेवटचं भुयार बघायचं राहून गेलं. योगीराज विसरला. धम्मपाल विसरला नाही. मोठेपणी, नोकरी सांभाळून, त्यानं त्या जुन्या खेळासारखाच स्वतःचा एक खेळ बनवायला घेतला. फक्त गाव सोनपेठचं. तोच बाजार, तोच नदीचा घाट, आणि भुयार म्हणून गावाबाहेरची बारव.

"झालाय जवळजवळ," असं तो फोनवर सांगायचा. "पण शेवटच्या भुयाराला दोघं लागतात. तू आल्याबिगर त्याचं दार उघडत न्हाई. ये की एक दिवस."

योगीराज दर वेळी म्हणायचा, येतो. दुकान, लेकरू, पाव्हणेरावळे... जमलं नाही. मग एका रात्री धम्मपालची गाडी उसाच्या ट्रॅक्टरवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.

तर त्या रात्री राजेश्री लवकर झोपली. दुसऱ्या दिवशी येळवस, पहाटे उठून पालेभाज्यांची भज्जी करायची, ताकाची आंबील न्यायची, शेतात जायचं. लेक तिच्या कुशीत. योगीराजनं बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, दुकानातला जुना स्क्रीन डब्याला जोडला आणि फोटो आपल्या मोबाईलवर उतरवायला लावले. फोटो लय होते. वेळ लागणार होता. बसल्या बसल्या त्याला तो खेळ दिसला.

त्यानं घरात पडलेला व्हिडिओ गेमचा एक रिमोट जोडला आणि खेळ उघडला.

घाटावर दोन गडी उभे होते. निळ्या सदऱ्याचा, त्याच्या हातात कंदील. लाल सदऱ्याचा, त्याच्या हातात काठी. रिमोट एकच, म्हणून निळा तेवढा हलत होता. योगीराजनं त्याला बाजारातून फिरवलं. वडाखालच्या चहाच्या टपरीपाशी गेला तर टपरीवाल्याच्या डोक्यावर तीच वाकडी टोपी. त्याला हसू आलं. हात थांबेना. जिवाला चैन पडेना असं झालं. एक दार, मग दुसरं, मग बारवेच्या पायऱ्या. साप चुकवले, किल्ल्या गोळा केल्या. खालच्या मजल्यावर गेल्यावर संगीतही बंद झालं. नुसतं पाणी ठिबकल्यासारखा आवाज.

शेवटी ते दार आलं. दाराच्या दोन्ही अंगाला एकेक दगड. निळा एका दगडावर उभा राहिला. दार हललं नाही. दुसऱ्या दगडावर दुसरं कुणीतरी पाहिजे होतं.

"माफ कर, धम्मा," योगीराज पुटपुटला आणि खेळ बंद करायला हात पुढं केला.

तेवढ्यात डाव्या बाजूनं लाल गडी आत आला.

योगीराज बघत राहिला. असेल, त्यानं मनाला सांगितलं. धम्मानंच तशी सोय केली असेल. एकट्याचं अडू नये म्हणून.

लाल गडी सावकाश आला. जमिनीतले काटे चुकवत आला. दुसऱ्या दगडापाशी पोचला, पण वर चढला नाही. जागच्या जागी गोल फिरला. परत फिरला. परत.

ते फिरणं योगीराजनं ओळखलं. लहानपणी त्याला यायला उशीर झाला की धम्मपाल आपला गडी असाच गरगरा फिरवायचा. चल की. चल की लवकर.

मग लाल दगडावर चढला. दार उघडलं.

आत अंधार. कंदिलाभोवती तेवढा उजेड. लाल पुढं, निळा मागं. खोल्या संपेनात. योगीराजला थांबायचं होतं. अंगठा थांबत नव्हता.

आणि एकदम भिंती संपल्या. समोर रस्ता. सरळ. दोन्ही बाजूंना ऊस.

रस्त्याच्या मधोमध काहीतरी काळं उभं होतं. मोठं. दिवा नसलेलं.

लाल त्याच्यापाशी गेला... थांबला... आणि मागं वळला.

खाली चौकट उघडली. त्यात अक्षरं एकेक करून उमटली.

*इथून पुढं मलाबी ठाव न्हाई. येतोस का?*

खाली दोन शब्द. हो. न्हाई.

बाण 'हो'वर होता.

योगीराजनं खालचं बटण दाबलं. बाण हलला नाही. पुन्हा दाबलं... नाही. त्याचा अंगठा दुसऱ्या बटणाकडं सरकायला लागला. तो सरकवत नव्हता. अंगठाच सरकत होता...

मागं दार वाजलं. राजेश्री उभी होती, हातात मोबाईलची बॅटरी.

"अंधारात काय करायलाव तुमी?"

त्यानं नुसती मान वळवली.

"लाईट जाऊन लय वेळ झालाय. लेकरू उठलं म्हनून मी..." ती थांबली. तिची नजर स्क्रीनवर गेली. "हे कशावर चालू हाय?"

योगीराजनं ऐकलं. फ्रिज गप्प होता. गल्ली गप्प होती. डब्यातला पंखा गप्प होता. घरात इन्व्हर्टर नव्हता.

स्क्रीन तेवढा उजळलेला. लाल गडी तसाच उभा. वाट बघत.

आतून लेकीचा रडण्याचा आवाज आला. बारीक.

अंगठा बटणाला टेकला होता. योगीराजला तोंड उघडायला फार जोर लागला.

"धम्मा," तो म्हणाला, "लेकरू लय लहान हाय रं माझं."

काहीच झालं नाही. कितीतरी वेळ.

मग बाण हलला. आपोआप. सावकाश खाली आला, आणि 'न्हाई'पाशी थांबला.

लाल गडी वळला. त्या काळ्यात शिरला.

स्क्रीन विझला.

ती दोघं नवराबायको लेकीला मधी घेऊन सकाळपर्यंत जागी बसली. उजाडल्यावर राजेश्री उंबऱ्यापुढं झाडायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. योगीराज बाहेर आला. दारात एक चप्पल होती. डाव्या पायाची, पुरुषाची. अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. घरातली नव्हती. शेजारच्यांना विचारलं, त्यांचीही नव्हती.

त्या दिवशी ते शेतात गेले नाहीत. योगीराजनं चप्पल कागदात गुंडाळली, डबा घेतला आणि सोनपेठची गाडी धरली. बायनाबाईला त्यानं आधी लाईट जायच्या आत उतरलेले फोटो मोबाईलवर दाखवले. ती एकेक बघत राहिली, एका फोटोवर थांबून म्हणाली, "ह्यो लाव मोठा करून." चपलेचं काढावं का नको, त्याला कळेना. शेवटी कागद उघडून तिच्यापुढं ठेवला.

बायनाबाईनं चप्पल हातात घेतली. निळ्या दोऱ्यावरून तिनं बोट फिरवलं.

"हे टाके माझे हायत," ती म्हणाली. "त्या रात्री रस्त्यावर एकच घावली होती."

ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून उजवी चप्पल घेऊन आली. दोन्ही उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

उजवीवर वर्षाची धूळ होती. डावीच्या तळाला काळी माती लागलेली होती, आणि ती अजून ओली होती.