बाबा जवळ असले की

दुपारी धाकटी बाबांच्या खोलीत आली ती नुसती कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला. संध्याकाळी दादा तो दुरुस्तीवाल्याकडे नेणार होता. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर दुरुस्तीवाल्यानं हात वर केले होते. आतलं सगळं पुसून टाकावं लागणार होतं. आणि आत आईचा आवाज होता, आठ मिनिटांचा, जगात उरलेला तेवढाच. आई गेली तेव्हा धाकटी तान्ही होती. तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

कुलपाची करामत दादाची. बाबा कॉम्प्युटर उघडा टाकून खुशाल फिरायला जात, म्हणून त्यानं तो त्यांच्या श्रवणयंत्राशी जोडून दिला. बाबा जवळ असले की उघडा, खोलीबाहेर पडले की बंद. आवाजही थेट त्यांच्या कानात. आईचं ऐकताना बाबा एकटेच हसत, खोलीत मात्र चिडीचूप. धाकटीनं मागितलं की म्हणत, "देईन गं, नंतर." शेवटी यंत्र कानातच राहिलं आणि त्यांच्याबरोबर राख झालं.

"नाद सोड आता," दादा दारातून म्हणाला, "बाबा जवळ आल्याशिवाय उघडायचं नाही ते." म्हणाला, आणि जीभ चावून निघून गेला.

ती पुसत राहिली. खिडकीत स्वच्छ ऊन होतं. आणि दाढीच्या साबणाचा वास आला, ओला, आत्ताच फेस केल्यासारखा...

स्क्रीन उजळला. कुलूप उघडलं. आईची फाइल आपोआप सुरू झाली, रेघ पुढे सरकू लागली, पण खोलीत आवाज नव्हता. कोपऱ्यात खूण दिसत होती: श्रवणयंत्र जोडलेलं आहे.

तिनं बोट त्या खुणेकडे नेलं. एका बोटानं ती जोडणी तोडली असती, तर आईचा आवाज खोलीत आला असता.

"बाबा... मलाही ऐकू द्या ना."

रेघ थबकली, जराशी मागे गेली, पुन्हा पुढे निघाली. शब्द निसटला की बाबा असंच करत. धाकटीचे डोळे भरून आले. तिनं बोट मागे घेतलं आणि ती जमिनीवर बसली. त्यांचं होऊ दे, मग आपण ऐकू.

आठ मिनिटं संपली. रेघ थांबली नाही. नववं मिनिट उमटलं, मग दहावं. स्क्रीनवरची आवाजाची लाट मध्येच सपाट व्हायची, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी, आणि पुन्हा उठायची.