ब्रेकवरचा पाय

पटलं तर ऐका, नाहीतर इथेच थांबा... पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

हे घडलं माझ्या ईश्वरमामासोबत. एकोणऐंशी साल, दिवाळी नुकतीच झालेली. साकोलीजवळ हायवेला लागून मामाचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार बल्ल्या अन् वर टिनाचे पत्रे. मामा आयुष्यात खोटं बोलला नाही.

एकदा फक्त गप्प बसला.

एकोडीचा धनीराम हा त्याचा जिवाभावाचा दोस्त. गावच्या पुंडलिकरावांची जुनी मिलिटरी जीप भाड्याने चालवायचा. साधा माणूस, तंबाखूचंही व्यसन नाही.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एकाने सीटवर बसून पायडल मारायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकामागचा नट ढिला करायचा, तिथून निघालेली रबरी नळी ऑइलच्या बाटलीत सोडायची. बाटलीतले बुडबुडे थांबले की हवा संपली.

मामा खालून ओरडायचा, "मार... मार... धर!"

धनीराम पायडल दाबून धरायचा अन् दुसऱ्या पायाची टाच खालच्या पत्र्यावर आपटायचा.

ठक ठक.

म्हणजे धरला. मग मामाने "सोड" म्हटल्याशिवाय पाय हलायचा नाही. एकदा मामा मुद्दाम खालीच बिडी ओढत बसला, तर हा बापडा तसाच दाबून बसलेला!

"अबे, मी सोड नाही म्हटलं त मरेपर्यंत दाबून बसशीन का?"

"तू म्हन त खरा," धनीराम हसला होता.

एकोडीच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा, दिवस आला. गावोगावचे पाहुणे, दंडारीचे खेळ, दुकानं. जीपला सकाळपासून फेऱ्या होत्या, अन् नेमकं पुढच्या डाव्या चाकातून ऑइल गळायला लागलं. आतलं वाशर फाटलेलं. पार्टची दुकानं मंडईमुळे बंद.

मामाने त्या चाकाकडे जाणारी नळी हातोडीने ठोकून चपटी केली. ऑइल जाणारच नाही तर गळेल कुठून? अडीनडीला सगळेच मिस्त्री असं करत. तीन चाकांवर गाडी थांबते.

पण करकचून ब्रेक मारला तर ती उजवीकडे ओढते. हे ड्रायव्हरला सांगावं लागतं.

मामाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धनीरामने जीप तिथेच उभी केली असती, अन् फेऱ्या बुडाल्या म्हणून पुंडलिकरावांनी मामाला फाडून खाल्लं असतं.

"झाला का भाऊ?"

"झाला. जाय बिनधास्त."

वर "ऑइल कमी वाटलं त टाकजो" म्हणून मामाने एक बाटली सीटखाली ठेवली. बाटली दारूची होती. गॅरेजमध्ये अशाच बाटल्या वापरात असत.

भर दुपारी धनीराम एकटाच परत येत होता. तलावाच्या पाळीवरून रस्ता जातो, तिथे म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला...

जीप उजवीकडे ओढली गेली अन् थेट तलावात शिरली. धनीराम स्टेअरिंगखाली अडकला, तो वर आलाच नाही.

जीप बाहेर काढली तेव्हा सीटखाली दारूची बाटली निघाली. बूच निघून ऑइल केव्हाच वाहून गेलेलं. मंडईचा दिवस, ढोसली असेल. लोकांनी ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी ट्रॅक्टरने ओढत जीप मामाकडेच आणली. "ब्रेक खोलून साफ कर, नवीन ऑइल भर," पुंडलिकराव सांगून गेले. मामाने आधी ती चपटी नळी काढून नाल्यात फेकली अन् नवी बसवली. मग ड्रम खोलून चिखल काढला, एकेक लायनर पेट्रोलने पुसायला घेतलं.

तेवढ्यात धनीरामची आई आली. चंद्रभागाबाई.

"बाबू, तू त त्याले लहानपनापासून पाहून राहिला. माहा पोरगा पीत होता का रे?"

मामा लायनरच पुसत राहिला.

"तेरवीच्या पंगतीत लोक हेच बोलतीन. तू एक डाव उभा राहून सांग न, का तो पीत नव्हता. तुही गोष्ट लोक मानतेत."

"मी कसं सांगू, मावशी... मी कुठं होतो तिकडं?"

म्हातारी आली तशी गेली.

ऊन कललं होतं. हायवेवर एक गाडी नव्हती. झाडावर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं... पायडल मारायला पुंडलिकराव माणूस पाठवणार होते. त्याची वाट पाहत मामा जीपखाली सरकला.

जीप जराशी दबली... कोणी सीटवर बसल्यासारखी.

"आला का बे? मार... मार... धर!"

ठक ठक.

मागचं एक चाक झालं. दुसरं झालं. पुढचं उजवं झालं. ऑइल स्वच्छ, बुडबुडे बंद. काम कसं झरझर चाललं होतं.

अन् मामाचा हात थांबला...

टाचेची ती खूण पुंडलिकरावांच्या माणसाला कोणी शिकवली?

तरी तो डाव्या चाकाकडे सरकला. नवी नळी, नवं वाशर, नवं ऑइल.

"मार... मार... धर."

ठक ठक.

नट ढिला केला... ऑइल आलंच नाही.

पाणी आलं. हिरवट, शेवाळाच्या वासाचं... तलावाचं. अन् बुडबुडे. एकामागून एक. बाटली भरून वाहिली तरी बुडबुडे थांबेनात...

मामा कसाबसा बाहेर आला.

सीटवर कोणी नव्हतं.

सीट ओली होती. अन् पायडल... पायडल पार खाली, पत्र्याला टेकलेलं.

धरलेलं.

मामाला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो तोंडातून निघाला नाही. मामा तसाच अनवाणी पळत सुटला.

तेरवीला मामा पंगतीत बसला होता. लोक बोलायचं तेच बोलले. चंद्रभागाबाई दारातून त्याच्याकडे पाहत होती. त्याने मान खाली घालून भात कालवला.

जीपचं पायडल पुन्हा वर आलंच नाही. भंडाऱ्याच्या मिस्त्र्याने सगळं खोलून पाहिलं, स्प्रिंग चांगली, नळ्या चांगल्या. शेवटी जीप भंगारात गेली.

हे सगळं मामाने मला अठ्ठ्याऐंशीत सांगितलं. चंद्रभागाबाई त्याच साली वारली होती. मला भयंकर राग आला होता.

"मामा, सोड काहून नाही म्हटलं?"

"कोनत्या तोंडानं म्हनू? खरं बोललो असतो त त्याचा पाय सुटला असता."

"मग आता सांग न सगळ्यायले."

"आयकनारी त गेली रे."

आम्ही दोघं खाटेवर बसलो होतो. आजूबाजूला कोणी नाही. अन् तेवढ्यात खाटेखालून...

ठक ठक.

मी उडालोच. मामा हलला नाही. खाली बघत हळूच म्हणाला, "पाय दुखत असन त्याचा."

मामाही आता नाही. म्हणून भेटेल त्याला मी सांगत असतो... धनीराम पीत नव्हता. बाटली मामाची होती.

माझ्या सांगण्याने त्याचा पाय सुटत नसावा. आवाज अजून येतो.