टेबलाखालचं जांभळं पॅड

फोन दुकानवालीचा होता. "लवकर या, ती उठत नाहीये," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

फौजदार बाई माडीवर पोचल्या तेव्हा ठसेवाली कामाच्या खोलीत फरशीवर पडलेली होती. दुकानवालीसाठी भेटकार्डांवर रबरी ठसे उमटवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई. डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. अंग कधीच गार झालं होतं.

खोली मात्र लख्ख. भिंतीशी पायऱ्यापायऱ्यांची लाकडी मांडणी होती आणि तिच्या कप्प्यांत शाईची छोटी छोटी पॅडं बसवलेली. रंगांची छापील नावं वर, एकही तिरकं नाही. पाहुणे येणार म्हणून आवरून ठेवावं तसं सगळं दिसत होतं.

एकच पॅड बाहेर होतं. टेबलाखाली, ठसेवालीच्या हाताशी. झाकण घट्ट लावलेलं आणि पालथं. त्याच्या बुडाला जांभळा ठिपका रंगवलेला होता आणि शेजारी अंगठ्याचा जांभळा ठसा. बाईंनी तिचा हात उलटून पाहिला. अंगठ्याला तीच शाई होती.

"पडताना हातात असेल," हवालदार म्हणाला.

"असेल," बाई म्हणाल्या, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

संशयासाठी फार लांब जावं लागलं नाही. शेजाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं भांडण ऐकलं होतं. नंतर नवऱ्याला जिन्याखाली घुटमळताना पाहिलं होतं. नवरा सुतार. चौकीत आणून बसवला तरी त्याच्या कानामागची पेन्सिल तशीच होती.

"भांडण कशावरून झालं?"

"तिच्या नावावरून. कार्डं हिनं करायची आणि मागे नाव दुकानवालीचं. आता कार्डांचं प्रदर्शन आहे, त्याच्या पाटीवरही तिचंच. मी म्हटलं, आजच्या आज बोलावून घे तिला आणि तोंडावर सांग. तर ही म्हणते, जाऊ दे. हिचा सगळा जन्म जाऊ दे म्हणण्यात गेला."

"मग?"

"मग मी तणतणत खाली उतरलो. फिरून आलो तर वर दिवा होता. मांडणीत पॅडं ठेवल्याचा आवाज येत होता. टक्, टक्. म्हटलं, रागात आवरतेय. आता वर गेलो तर पुन्हा वाजेल आमचं. म्हणून कारखान्यातच जाऊन झोपलो."

"मांडणी तुम्ही केलेली?"

"मीच. तिला पॅडं पालथी ठेवायची असतात. सरळ ठेवलं की शाई तळाला बसते. पालथं ठेवलं की गादीच्या तोंडाशी राहते, ठसा भरून उठतो. पण मग नाव खाली जातं. म्हणून प्रत्येकाच्या बुडाला मी त्या त्या रंगाचा ठिपका काढून दिला. ते तिला फार आवडलं होतं." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

बाईंनी वही मिटली.

"सुतारच आहे बाई," बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला. "घरातच शत्रू असतो."

"तुमच्या घरातलं तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. पडल्यानंतर ठसेवालीचा जीव बराच वेळ होता. वेळेवर आणली असती तर वाचली असती.

दुपारी बाईंनी दुकानवालीला त्याच खोलीत बोलावलं. ती आली, पदर डोळ्यांना लावून.

"काल तुम्ही इथे आला होतात?"

"छे. आज सकाळीच आले, माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून. तुम्ही येईपर्यंत कशाला हात लावला नाही."

"कार्डं तुम्ही दोघी मिळून करायचात?"

"तर काय. कल्पना माझ्या, निम्मे ठसे माझ्याच हातचे. कुठला रंग कुठे, डोळे मिटून सांगेन."

बाईंनी मांडणीतलं एक हिरवं पॅड काढून तिच्या हातात दिलं. "मग हे जागेवर ठेवा बरं, रोज ठेवता तसं."

दुकानवालीनं पॅड कप्प्यात बसवलं. नाव वर. बोटानं हलकेच सरळही केलं. टक्.

"तुम्ही इथे कधीच ठसा उमटवलेला नाही," बाई म्हणाल्या. "या खोलीत पॅड पालथं ठेवतात. हे ठसेवालीला ठाऊक, तिच्या नवऱ्याला ठाऊक. आज मांडणीतलं एकूणएक पॅड सरळ आहे. म्हणजे काल आवरणारं माणूस तिसरंच होतं, आणि तिसरी किल्ली तुमच्याकडे आहे."

दुकानवालीनं पॅडावरचा हात मागे घेतला.

"नवरा गेल्यावर तिनं तुम्हाला बोलावलं. पहिल्यांदाच स्वतःचं नाव मागितलं. झटापट झाली, ती पडली, पॅडं सांडली. झटापट दिसायला नको म्हणून तुम्ही एकेक वेचून लावत बसलात."

"मी फक्त हात झटकला," दुकानवाली पुटपुटली. "पडली आणि गेलीच ती."

"नाही." बाईंनी पिशवीतलं जांभळं पॅड पुढे धरलं. "हे तुमच्या नजरेतून सुटलं. याचं झाकण उडालं आणि शाई तिच्या अंगठ्याला लागली. त्यानंतर कुणीतरी झाकण लावून हे पालथं केलंय आणि तो अंगठा बुडाशी उठलाय. तुम्ही आवरत होतात तेव्हा ती जिवंत होती. हाताला लागलं तेवढं तिनंही आवरलं."

दुकानवालीनं डोळ्यांचा पदर खाली घेतला.

"कण्हत होती," ती म्हणाली. "वाटलं, वाचली तर सगळ्यांना सांगेल. म्हणून आवरत राहिले. मग आवाज थांबला."

हवालदार तिला घेऊन गेला. संध्याकाळी चौकीतून सुताराला सोडलं. तो सरळ माडीवर आला. बाई पंचनाम्याचे कागद गोळा करत होत्या.

"लगेच गेली का हो ती?"

बाईंनी खोटं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. "लगेच," त्या म्हणाल्या.

त्याची नजर टेबलावरच्या पिशवीकडे गेली. त्यानं ती उचलून उजेडात धरली, अंगठ्याचा ठसा पाहिला.

"हे तिनं ठेवलंय," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी खाली उभा होतो तेव्हा..."

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. बोलावून घे म्हणणारा तोच आणि जिन्याखालून परत फिरणाराही तोच. कोठडीतून सुटला खरा, पण त्याची सुटका आता कुणाच्याच हातात नव्हती.

सुतार मांडणीपाशी गेला. त्यानं पहिलं पॅड काढलं, पालथं केलं, पुन्हा बसवलं. टक्. मग दुसरं.

"राहू द्या ना," बाई म्हणाल्या. "आता कोण वापरणार?"

"शाई तळाला बसते," तो म्हणाला.

शेवटच्या कप्प्यापर्यंत त्यानं सगळी पॅडं पालथी केली. जांभळं पुरावा म्हणून बाईंना न्यावं लागलं. तो कप्पा रिकामाच राहिला.