हिचे गार पाय

बसा. दिवा जरा मोठा करतो, म्हणजे सांगायला सोपं जाईल.

त्या शनिवारी मी नेहमीसारखा सकाळीच ताईकडे निघालो होतो, डोंगरावरच्या रस्त्याने. गाडी तीच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेली. तिचं वय झालंय, माझंही झालंय. आम्ही एकमेकांना नावं ठेवत नाही. शेजारची सीट आमच्या हिची. ही जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्या सीटवर मी साधी पिशवी ठेवत नाही.

हिचे पाय बारा महिने गार. रात्री झोपताना ते माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि वर साळसूदपणे विचारायची, "अहो, गार लागतंय का?" गाडीत बसली की चपला काढून दोन्ही पाय हीटरच्या तोंडाशी. हीटर म्हणजे तरी काय, डॅशबोर्डच्या पोटात बसवलेली एक छोटी जाळी. इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं.

त्या सकाळी हीटर लावला आणि थोड्या वेळाने गोडसर वास सुटला, पाक करपल्यासारखा. काच आतून धुरकट झाली. पुसली तर बोटांना तेलकट लागली. ताईच्या दारात उतरून पाहिलं, तर शेजारच्या सीटपुढचा गालिचा चिंब भिजलेला. फक्त दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. उजव्या पावलाला पाच बोटं. डाव्याला चार.

हिची डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, जन्मापासून.

 येताना मिस्त्रीला गाडी दाखवली. तो म्हणाला, "काका, हीटरची जाळी गळतेय. ती वाफ छातीत जाते. आणि काच अशी धुरकट होत राहिली, तर एक दिवस सरळ दरीत जाल. गाडी इथंच ठेवून जा."

उद्या आणतो म्हणालो. तो उद्या महिनाभर उजाडला नाही. गळती थांबली की गालिचा सुकणार, आणि सुका गालिचा मला काय दाखवणार? खरं सांगतो, हिला दुसऱ्यांदा निरोप द्यायची माझ्यात ताकद नव्हती. रोज पाणी भरायचो, हीटर लावायचो, एक चक्कर मारून आणायचो आणि कंबर धरून वाकून पाहायचो. पावलं असायची.

मग पुन्हा एका शनिवारी, डोंगराच्या वळणावर, काच बघता बघता पांढरी झाली. पुढचं काही दिसेना… आणि अगदी कानाशी, हळूच…

"अहो… थांबा."

मी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. माझ्यासमोर काचेवर एक गोल पुसला जाऊ लागला, तळहाताने पुसावा तसा, सावकाश. त्यातून कठडा दिसला. बॉनेट आणि कठडा यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती. मेल्यावरही हिला माझ्यासाठी रस्त्यावर नजर ठेवून बसावं लागत होतं, याची मला लाज वाटली. दुपारीच गाडी मिस्त्रीच्या ताब्यात दिली.

नवी जाळी बसली. जुनी मी मागून घेतली, तेव्हा मिस्त्री हसला. भंगार कुणी घरी नेतं का, म्हणाला. मी ती निथळून, पुसून पलंगासमोरच्या फळीवर ठेवली. गाडी आता गळत नाही. काच स्वच्छ, वास गेला. तीन आठवडे तरी मी रोज वाकून बघत होतो. नुसता गालिचा. एकदा तिथंच सीटवर डोकं टेकून रडलोसुद्धा.

आज सकाळी त्या गोड वासानेच जाग आली. फळीवरची जाळी कोरडीठाक होती. पण पलंगालगतची फरशी ओली होती, आणि त्या ओलीत दोन कोरडी पावलं. पाच बोटं, चार बोटं. पलंगाकडे तोंड केलेली. परत फिरलेली पावलं कुठंच नव्हती.

दिवसभर उन्हात बसलो होतो. हा माझा हात धरून बघा, गरम आहे ना?

आता माझ्या पोटऱ्यांना हात लावा.