येते मी, मॅडम

विट्याच्या अलीकडे एका रसवंतीवर गाडी थांबली तेव्हा श्रीनिवास बारबोले मोठ्या खुशीत होते. बार्शीहून निघाल्यापासून लेकीशी एकदाही भांडण झालं नव्हतं. बारावी झालेल्या मुलीला घेऊन विद्यापीठं बघत हिंडणाऱ्या बापाच्या हिशेबी ही काही लहानसहान कमाई नव्हे.

बेत साधा होता. सकाळी म्हसवडचं माणदेश ऊर्जा विद्यापीठ बघायचं, मग आंबा घाट उतरून रत्नागिरीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी जयगडचं किनारा विद्यापीठ गाठायचं. त्यातलं म्हसवड बघून झालं होतं. तन्मयीला दोन्हीकडे जागा मिळालेली होती, निवड तेवढी बाकी होती. म्हसवड श्रीनिवासरावांच्या आवडीचं. तिथे वीज साठवण्याचं शास्त्र शिकवत, नोकरी हमखास मिळे, आणि बार्शीहून सकाळी निघून लेकीला डबा देऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं ते जवळ होतं. जयगड तन्मयीच्या आवडीचं. तिला कांदळवनं शिकायची होती, म्हणजे खाडीच्या चिखलात मुळं वर काढून उभी असणारी खाऱ्या पाण्यातली झाडं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत सरकत होता आणि त्याला अडवून धरायला हीच झाडं उपयोगी पडत होती. जिने समुद्र शाळेच्या सहलीत बघितला तेवढाच, त्या बार्शीच्या पोरीला चिखलातल्या झाडांचं एवढं काय पडलंय, हे कोडं श्रीनिवासरावांना काही सुटत नव्हतं. पण ते गप्प होते. घरून निघताना बायकोने, अर्चनाने, तसा दमच भरला होता.

तन्मयीने रसाचा पहिला घोट घेतला आणि तिच्या कॉलरवरचं बटण थरथरलं.

त्या बटणाचं सरकारी नाव शब्दमुद्रा. मधल्या काळात असे दिवस आले होते की कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल कुणीही करू शकत होतं. मुलाच्या आवाजात आईकडे पैसे मागितले जात, बापाच्या आवाजात जमिनी विकल्या जात, आणि सहीला तर कुत्रंही विचारेना. तेव्हा हे चिंचोक्याएवढं बटण आलं. ते नुसता आवाज ऐकत नसे. गळ्याची थरथर, नाडीची गती, कातडीचा ओलावा हे सगळं ते बोललेल्या शब्दाशी ताडून बघायचं. जिभेवरचं आणि मनातलं जुळलं की हिरवा ठिपका लागे, मुद्रा उमटे आणि तो शब्द कायद्याने पक्का होई. घरांचे व्यवहार, साखरपुडे, प्रवेश सगळं आता त्याच्यावर चालायचं. काही बायकांनी ते नवऱ्यांवरही वापरून पाहिलं, पण त्यातून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

तन्मयीने मनगटावरच्या पडद्यावर निरोप वाचला. मग परत वाचला. ग्लास तिने बाकावर ठेवून दिला.

"पप्पा, माझा म्हसवडला प्रवेश पक्का झालाय म्हणे. आणि जयगडचा अर्ज रद्द."

"आं? असं कसं?"

"लिहिलंय, ‘आपण दिलेल्या शब्दानुसार’. मी कुठं शब्द दिला? तुम्ही होतात की शेजारी!"

निरोपासोबत ध्वनिमुद्रण होतं. दोघांनी ते ऐकलं. प्रवेशप्रमुख शुभांगी खरात यांचा हसरा आवाज आला, "मग तन्मयी, काय ठरवलंस? येणार ना आमच्याकडे?" त्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग तन्मयी, "छान आहे सगळं. येते मी, मॅडम."

रसवंतीचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं. तन्मयी बापाकडे बघत राहिली.

"अहो पप्पा, मी निघायलाले म्हणून ‘येते’ म्हणाले! निरोप घेतला मी त्यांचा!"

"मी पण म्हणालो की, ‘येतो’ म्हणून," श्रीनिवासराव म्हणाले. "नशीब, मला नाही प्रवेश दिला."

ती हसली नाही. एका मुलाने एकाच ठिकाणी शब्द द्यायचा, तो दिला की बाकीच्या जागा लगेच पुढच्या मुलांना वाटायला घ्यायच्या, असा नियम होता. शब्द मागे घ्यायचा तर त्याच दिवशी, कचेरी बंद व्हायच्या आत, जिथे दिला तिथेच समोरासमोर उभं राहून. उद्या सकाळी जयगडची तिची जागा दुसऱ्या कुणाची झालेली असणार होती.

खोटं कशाला सांगा, श्रीनिवासरावांना आतून बरं वाटलं. आपण काही केलं नाही, भांडलो नाही, बोललो नाही, आणि काम परस्पर झालं. तोंडातून निघूनही गेलं, "असू दे की गं आता. कदाचित चांगल्यासाठीच झालं असंल. म्हसवड वाईट नाही."

तन्मयीचे डोळे भरून आले. ती उठून गाडीत जाऊन बसली. तिने आरडाओरडा केला असता तर श्रीनिवासरावांना सोपं गेलं असतं. त्यांनी रसाचे पैसे दिले, गाडीची स्वयंचालना बंद केली, स्टिअरिंग स्वतःच्या हातात घेतलं आणि गाडी म्हसवडकडे वळवली.

शुभांगी खरात पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात होत्या. सगळं ऐकून आधी त्यांना हसूच आलं.

"अहो, हा तर सरळसरळ निरोप आहे! आपल्यात ‘जाते’ कोण म्हणतं? मी लहानपणी ‘जाते’ म्हणाले की आई परत आत बोलवायची, ‘येते म्हण’ म्हणून. मयताच्या घरी तेवढं आपण काही न बोलता उठतो."

"मग यंत्राला हे कुणी शिकवलं नाही?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

खरातबाईंनी तन्मयीच्या शब्दाचा आलेख पडद्यावर आणला. एक निळी रेघ मुलाखतभर वरखाली उड्या मारत होती आणि ‘येते’ या शब्दापाशी एकदम शांत, सपाट झाली होती.

"हे बघा. इथं तिची नाडी उतरली, श्वास मोकळा झाला. यंत्राला वाटलं, मुलीचा निर्णय झाला, मनावरचं ओझं उतरलं."

"उतरलंच होतं," तन्मयी हळूच म्हणाली. "सॉरी मॅडम. पण एकदाचं संपलं, आता बाहेर पडायचं, असं वाटलं मला."

श्रीनिवासरावांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. आपल्या चष्म्याच्या दुकानात ते दिवसभर लोकांना ‘नीट दिसतंय का?’ असं विचारत असत. सकाळभर शेजारी बसलेली लेक इथे गुदमरत होती, ते त्यांना मात्र दिसलं नव्हतं.

खरातबाईंचं हसू मावळलं होतं. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "मागच्या वर्षी एक मुलगा असाच म्हणत आला होता, मी शब्द दिलाच नव्हता म्हणून. मी त्याला झापलं. म्हटलं, शब्द द्यायचा आणि मग पलटायचं, शोभतं का? तो इथेच शिकतोय. गप्प असतो फार. उद्या त्याला बोलवून घेते आधी." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पण आता तुमचं बघू. तिच्या एकटीच्या म्हणण्यावर नाही भागायचं. पालकांनी मुद्रेसमोर साक्ष द्यावी लागते. ठरलेलं वाक्य आहे, तेवढं वाचा."

श्रीनिवासरावांनी बटण नीट लावलं, घसा खाकरला आणि पडद्यावरचं वाक्य वाचलं. "माझ्या मुलीने संमती दिलेली नव्हती. तिचा येथील प्रवेश रद्द व्हावा, अशी माझी इच्छा आहे."

बटणावर पिवळा ठिपका लागला. पडद्यावर अक्षरं आली, ‘शब्द आणि मन जुळत नाहीत’.

"घाईत वाचलं असेल," खरातबाई म्हणाल्या. "पाणी घ्या. सावकाश वाचा."

ते पाणी प्यायले, मग त्यांनी सावकाश वाचलं. पुन्हा पिवळा. तन्मयी आता पडद्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. त्या यंत्राला ‘येते’ कळलं नव्हतं, पण श्रीनिवासराव त्याला बरोबर कळले होते. भर उजेडात, परक्या बाईसमोर, पोटच्या पोरीसमोर. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"पप्पा," तन्मयी म्हणाली, "तुम्हाला नकोय ना मी तिकडे जायला?"

दार बंद करायला शिपाई डोकावून गेला. खरातबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "वाक्य तेच पाहिजे असं नाही, बारबोले साहेब. खरं पाहिजे एवढंच. तुमच्या शब्दांत सांगा."

श्रीनिवासरावांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. मग ते बोलू लागले ते यंत्राशी नव्हे.

"मला वाटतंय तू इथंच यावंस. आत्ताबी वाटतंय. कॉलेज सुटल्यावर तू दुकानात येऊन बसतीस, गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवतीस, माझ्या डब्यातली शेंगाचटणी संपवतीस. तू लांब गेलीस की मी संध्याकाळी काय करायचं, हे मला कळंना. म्हणून मी म्हसवड म्हसवड करत होतो. नोकरीबिकरी सगळं वरवरचं." त्यांनी मान वर केली. "पण तू ‘येते’ म्हणालीस ते निरोपाचंच होतं. मी शेजारी होतो, मला माहीत आहे. तुला जयगडला जायचंय. तुझी जागा तुला मिळाली पाहिजे. मला आवडत नाही, पण मिळाली पाहिजे."

बटणावर हिरवा ठिपका लागला.

खरातबाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. म्हसवडचा प्रवेश रद्द झाला, जयगडचा अर्ज पुन्हा उभा राहिला. तन्मयीने बापाचा दंड धरला आणि तिथेच रडून घेतलं, अगदी लहान असताना रडायची तसं, आवाज करून. श्रीनिवासरावांनी रुमाल काढला, पण तो त्यांनाच लागला. शिपाई आता दारात उभाच राहिला होता आणि त्याची कुलूप लावायची घाई संपली होती.

कऱ्हाड ओलांडल्यावर दोघांना एकदम कडकडून भूक लागली. एका धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, अर्चनाला फोन लावला, तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोघांनाही एकेक शिवी हासडली. पुढच्या रस्त्यावर तन्मयी मोठ्याने गाणी म्हणत होती आणि श्रीनिवासराव चुकीच्या जागी साथ देत होते. त्यांना विलक्षण हलकं वाटत होतं. पोरगी लांब जाणार, हे दुःख तसंच होतं, पण ते लपवायची मेहनत वाचली होती.

आंबा घाटाच्या पहिल्या वळणावर तन्मयीने गाणं थांबवलं.

"पप्पा, ही बटणं नसती, तर तुम्ही मला हे कधी सांगितलं असतं का?"

‘सांगितलं असतं की’ हे शब्द ओठांवर आले होते. श्रीनिवासरावांचा एक हात कॉलरकडे गेला. त्यांनी बटण काढलं आणि समोरच्या कप्प्यात टाकलं.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले.

तन्मयीने मान डोलावली. तिला ते खरं वाटलं, आणि ते खरं आहे हे बघायला तिला कुठला ठिपका लागला नाही. तिने आपलंही बटण काढलं, त्याच कप्प्यात टाकलं आणि झाकण लावलं. खाली दूरवर कोकण चांदण्यात पसरलेलं होतं.

"मग उद्या जयगड बघून झालं की," तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, ते मला असंच सांगाल?"