दाराकडून घातलेला कोबा

म्हाताऱ्या गवंड्याला सगळे मिस्त्री म्हणत. हातात अजून कसब होतं, गुडघ्यांनी मात्र कधीच राजीनामा दिला होता. लेकीने ठरवलं, बाबांनी आता आपल्याकडे राहायचं. पहिल्या मजल्यावरची ही खोली भाड्याने द्यायची. उखडलेला कोबा मिस्त्रींनी सकाळीच नवा घालायचा आणि पाच वाजता गाडीत बसायचं. कुत्री न्यायची नाही, हेही तिनेच ठरवलं.

कुत्रीचा मागचा डावा पाय मांडीपासून नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी तिला अनाथ जनावरांच्या आसऱ्यातून आणलं आणि नाव ठेवलं तिपाई. डावा कान खाजला की तिचं थोटं नुसतंच हवेत हले. मग मिस्त्री कान खाजवून देत.

आसऱ्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, गुणी आहे, फक्त एकटी राहत नाही. आधीच्या माणसाने परत का केली, असं विचारल्यावर त्यांनी कागद चाळले. त्या गृहस्थांना जिना उतरवेना, म्हणाल्या. परत द्यायला आले ते कुबडीवर. नेताना मात्र दोन-दोन पायऱ्या गाळत गेले होते.

कोबा आतल्या भिंतीपासून घालत दाराकडे यायचं, हे मिस्त्री झोपेतही चुकले नसते. पण त्या दिवशी तिपाई आतल्या कोपऱ्यात पसरली ती हलेचना. हाका मारल्या, दटावलं, ओढून पाहिलं. उठेल तेव्हा उठेल म्हणून त्यांनी दाराकडून सुरुवात केली. कामात मान खाली गेली ती गेलीच. वर पाहिलं, तेव्हा दार पंधरा फुटांवर होतं. मध्ये आरशासारखा घोटलेला ओला कोबा, खिडकीला गज आणि कोपऱ्यात ते दोघं.

मिस्त्रींना स्वतःचंच हसू आलं. आपण घोटलेल्यावर पाय द्यायला मन धजेना. वाळेपर्यंत बसू म्हणाले.

दुपारी तिपाई उठली. ओल्या कोब्यावरून सावकाश चालत गेली आणि उंबऱ्यात आडवी झाली.

ठसे चार पायांचे होते.

मिस्त्रींनी वीत लावून पाहिलं. मागचा डावा ठसा अगदी जागच्या जागी, आणि सगळ्यांत खोल. उंबऱ्यातल्या कुत्रीचं थोटं इथूनही दिसत होतं.

त्यांनी थापी उचलली आणि हाताजवळचा तो ठसा घोटून टाकला.

त्यांच्या डाव्या पायाच्या तळव्यावरून काहीतरी गार, सपाट फिरलं.

दुसरा ठसा घोटायला हात पुढे झाला नाही.

पाच वाजता लेक जिना चढून आली आणि दाराबाहेरच थबकली. बाबा आत कोपऱ्यात बसलेले पाहून म्हणाली, "असू दे तो कोबा. या सरळ चालत."

मिस्त्री उठले. अनवाणी, एकामागून एक पाय टाकत उंबऱ्यापर्यंत आले. लेक जमिनीकडे बघत राहिली.

"बाबा, लंगडी घालत आलात की काय?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळे ठसे उजव्या पायाचे होते.

उंबरा ओलांडायला त्यांनी डावा पाय उचलू पाहिला. मग दोन्ही हातांनी चौकट धरली.

"तू जा, पोरी," ते म्हणाले. "मला जिना उतरवणार नाही."

पायाशी तिपाईचं थोटं हललं. तिचा डावा कान खसाखसा मागेपुढे दुमडू लागला आणि तिने सुखाने डोळे मिटले.